घेण्याची वाट रुंद, देण्याची अरुंद
(घरगुती ब्रॉडबँडवरून बॅकअप का रेंगाळतो, याचा इतिहास)

या मालिकेत आपण बहुतेक वेळा मोठ्या विचारांचा इतिहास पाहतो. आज एका छोट्या वाटणाऱ्या गोष्टीचा इतिहास पाहू. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एखाद्या लहान कारखान्याचं कार्यालयीन काम कुणीतरी बदलापूरला किंवा उल्हासनगरला घरी बसून करतं. महिन्याचा हिशेब, बिलं, मशीनवर चालणाऱ्या सुट्या भागांची ड्रॉइंगं, सगळं संगणकात असतं. संध्याकाळी क्लाऊडवर बॅकअप लावला जातो. पडद्यावर आकडा येतो: अजून नऊ दिवस. त्याच जोडणीवर शेजारच्या खोलीत सिनेमा मात्र न अडखळता चाललेला असतो. एकच तार, एकच बिल, मग हा भेद कशासाठी?

आमचं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो. हा भेद बिघाडातून आलेला नाही, तो निर्णयांतून आलेला आहे. घर म्हणजे घेणारं ठिकाण, देणारं नव्हे, असं कुणीतरी केव्हातरी गृहीत धरलं आणि त्या गृहीतकावर तारा ओढल्या गेल्या, प्रमाणकं ठरली, सरकारी व्याख्याही झाल्या. हा इतिहास कळला की आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हेही कळतं.

पण आधी, बॅकअप एवढा महत्त्वाचा का, ते पाहू. या परिसराला तो प्रश्न नवा नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणच्या लष्करी छावणीत राहिली आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. तिकडे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई मागायची तर १९५० च्या विस्थापितांच्या दाव्यांविषयीच्या कायद्याखाली दावा नोंदवावा लागे आणि त्याची पडताळणी होई. घर तिकडे, दप्तर तिकडे आणि माणूस इकडे, अशा अवस्थेत ज्याच्या ट्रंकेत कागदाची एखादी नक्कल आली होती, त्याचं म्हणणं मांडणं सोपं गेलं असणार. नक्कल मुळापासून दूर असली पाहिजे, हे तत्त्व या गावाला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

पुढे निसर्गानेही तोच धडा दिला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्या दिवशी उल्हास नदीने बदलापूर-कल्याण पट्ट्यात काय केलं, हे इथली माणसंच सांगू शकतात. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेसच पाण्यात अडकली. २६ मे २०१६ ला शेजारच्या डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला आणि दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. संगणकाच्या बाजूला ठेवलेली हार्ड डिस्क अशा दिवशी संगणकाबरोबरच जाते. एकाच छपराखालच्या दोन प्रती म्हणजे खरं तर एकच प्रत.

आता कायदाही हेच म्हणतो. कंपनी कायद्याखालच्या २०१४ च्या लेखाविषयक नियमांनुसार, इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवलेल्या हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातच असलेल्या सर्व्हरवर ठरावीक काळाने ठेवणं आवश्यक होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये 'ठरावीक काळाने' याऐवजी 'दररोज' असा बदल झाला. हा नियम नोंदणीकृत कंपन्यांना आहे, एकट्या मालकाच्या दुकानाला नाही. आणि सर्व्हर क्लाऊडवरचाच असावा असंही तो म्हणत नाही. पण एमआयडीसीतल्या लहान प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला व्यवहारात सर्वांत सोयीचा मार्ग क्लाऊडचाच. म्हणजे रोज काहीतरी वर चढवणं आलंच.

तर मग ही वर चढायची वाट अरुंद कशी झाली?

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं ते १८८२ साली. टेलिफोन हे मोठं समतावादी यंत्र आहे. बोलणाऱ्याला जितकी जागा, तितकीच ऐकणाऱ्याला. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा मोडेम याच तारेवर किरकिर करत जोडला जाई. त्या काळातला चांगला मोडेम दोन्ही दिशांना सारखाच, जास्तीत जास्त ३३.६ किलोबिटने चाले. हळू होतं, पण समान होतं. १९९८ साली व्ही ९० नावाचं प्रमाणक आलं. त्यात घराकडे येणारा वेग ५६ किलोबिट झाला, घराकडून जाणारा ३३.६ वरच राहिला. घरातल्या फोनच्या तारेवरची ही एक ठळक विषमता.

तिची मोठी बहीण त्याआधीच प्रयोगशाळेत जन्मली होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बेलकोर या संस्थेत जोसेफ लेकलायडर नावाचे अभियंते तांब्याच्या तारेतून जास्त माहिती कशी पाठवता येईल, याचा विचार करत होते. अडचण अशी होती की एक्स्चेंजपाशी शेकडो तारा एकाच जुडग्यात येतात. एक्स्चेंजमधून निघणारे संदेश तिथे जोरकस असतात आणि दूरच्या घराकडून आलेले संदेश थकून, क्षीण होऊन पोचलेले असतात. शेजारच्या तारेवरच्या आरड्याओरड्यात हा क्षीण आवाज बुडतो. लग्नाच्या मांडवात बँडच्या शेजारी उभं राहून लांबच्या माणसाचं बोलणं ऐकावं, तसं. लेकलायडर यांचा उपाय असा: दोन्ही दिशांना सारखं वाटप करायचा हट्ट सोडा, घराकडे येणाऱ्या प्रवाहाला मोठा पट्टा द्या, जाणाऱ्याला छोटा. यातून एडीएसएल तंत्र उभं राहिलं. त्यातला 'ए' म्हणजेच असमान.

उपाय हुशारीचा होता, यात शंका नाही. पण असमान म्हणजे कुणाला जास्त, हे एकट्या पदार्थविज्ञानाने ठरवलेलं नाही. त्या काळात टेलिफोन कंपन्यांना तारेवरून घरोघर सिनेमा विकायचा होता. सिनेमा इकडे येणार, घरातून तिकडे काय जाणार? रिमोटचं बटण. त्यामुळे वाटणी अशी झाली: साधारण ४ किलोहर्ट्झपर्यंत बोलणं, २५ ते १३८ किलोहर्ट्झपर्यंत घराकडून जाणारी माहिती आणि १३८ पासून सुमारे ११०० पर्यंत घराकडे येणारी. २००३ मध्ये एडीएसएल-टू-प्लस आलं आणि वरची मर्यादा २२०० पर्यंत गेली. मात्र वाढलेली सगळी जागा येणाऱ्या प्रवाहाच्या वाट्याला. उत्तम अवस्थेत २४ मेगाबिट खाली, वर जेमतेम एक-सव्वा मेगाबिट. एक्स्चेंजपासून घर लांब असलं तर तेवढंही नाही.

आपल्याकडे हे तंत्र जानेवारी २००५ मध्ये घरोघर पोचू लागलं. इथे थोडा स्थानिक भूगोल सांगितला पाहिजे. तेव्हा ठाण्यापर्यंत ०२२ आणि महानगर टेलिफोन निगम. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर म्हणजे ०२५१ आणि भारत संचार निगम. दोन्ही निगमांचं ब्रॉडबँड एकाच महिन्यात आलं. आठवत असेल, तेव्हा काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ पर्यंतचा वापर मोजला जात नसे. लोक गजर लावून उठत ते डाउनलोड सुरू करायला. कुणी 'अपलोड लावायला उठलो' असं म्हणे का? फारसं नाही. कारण चढवायला होतंच काय? क्लाऊडचा धंदा अजून उभा राहायचा होता. ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवणुकीची सेवा २००६ ची आणि गुगल ड्राइव्ह २०१२ चं.

आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केलं. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याची नजर आधी व्याख्येवर जाते. त्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे काय? सतत चालू राहणारी आणि किमान २५६ किलोबिट डाउनलोड वेग देऊ शकणारी जोडणी. अपलोडचं काय? शब्दच नाही. २०१३ मध्ये २५६ चे ५१२ झाले. जानेवारी २०२३ मध्ये ५१२ किलोबिटचे २ मेगाबिट झाले. आकडा दोनदा बदलला, दोन्ही वेळा एकाच दिशेचा. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१५ मध्ये २५ आणि ३, मग मार्च २०२४ मध्ये १०० आणि २० असे दोन-दोन आकडे दिले. तिथेही वाटणी असमानच आहे, पण दुसऱ्या दिशेचा निदान उल्लेख तरी आहे. जे व्याख्येत नाही त्याची तक्रार कशाच्या आधारे करायची? ऑगस्ट २०२२ चा नियम म्हणतो रोज बॅकअप घ्या, आणि पाच महिन्यांनी आलेली व्याख्या वर चढण्याच्या वेगाविषयी गप्प राहते.

एमआयडीसीला हे समजावून सांगायची गरज पडू नये. कारखान्यांना पाणी हवं म्हणून महामंडळाने बारवी धरण बांधलं, जलवाहिन्या टाकल्या. आत येणाऱ्या पाण्याचा विचार मनापासून झाला. बाहेर जाणाऱ्या पाण्याचा तितका झाला असता, तर वालधुनीचं पाणी आज असं दिसलं नसतं. ज्या नदीकाठी शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेलं शिवमंदिर उभं आहे, तीच ही नदी. येण्याची वाट आखणं आणि जाण्याची वाट 'बघू नंतर' म्हणून सोडणं, ही सवय फक्त तारांपुरती नाही.

बरं, आता तांबं मागे पडून फायबर आलं. मग प्रश्न मिटला? बराचसा मिटला, पण पूर्ण नाही. घरोघरच्या फायबरमागे जीपॉन नावाचं तंत्र सर्रास असतं. त्यात एका मुख्य धाग्यावर ३२ किंवा ६४ घरं असतात. खाली येणारी एकत्रित क्षमता सुमारे २.५ गिगाबिट, वर जाणारी सुमारे १.२५. येणारी माहिती सगळ्यांना एकदम ऐकवली जाते आणि ज्याची त्याने उचलायची. जाणारी मात्र रेशनच्या दुकानासारखी, टोकन घेऊन, पाळीपाळीने. अनेक योजनांत आता दोन्ही दिशांचा वेग सारखा देतात, काहींत देत नाहीत. जोडणी घेताना 'वेग किती' एवढंच न विचारता 'अपलोड किती' असंही विचारलं पाहिजे.

आता हिशेब करू. १०० गिगाबाइट चढवायचे आहेत. बिट आणि बाइट यांत आठाचा फरक, म्हणजे ८ लाख मेगाबिट. वर जाणारा वेग १ मेगाबिट असेल तर ८ लाख सेकंद, सव्वानऊ दिवस. ते सुरुवातीचे नऊ दिवस इथून आले. संगणक खोटं बोलत नव्हता. २० मेगाबिट असेल तर ११ तास. १०० असेल तर सव्वादोन तास. आणि गंमत म्हणून पाहा: १ टेराबाइटची डिस्क पिशवीत घालून बदलापूरहून सीएसएमटीला गेलो, ६८ किलोमीटर, दीड तास धरला, तर वेग होतो जवळजवळ १४८० मेगाबिट. आपल्या बदलापूर लोकलशी आजही भल्याभल्या जोडण्या बरोबरी करू शकत नाहीत! म्हणून पहिला मोठा बॅकअप डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे ठेवणं आणि क्लाऊडवर रोजचा बदललेला भाग तेवढा पाठवणं, हा मागासलेपणा नव्हे. ते साधं अंकगणित आहे.

पण कधी कधी हिशेबाने निघतो त्यापेक्षाही कितीतरी जास्त वेळ लागतो. तिथे दुसरा इतिहास सुरू होतो, गर्दीचा. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत एक प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांच्यातली जोडणी ३२ किलोबिटवरून सेकंदाला ४० बिटांवर कोसळली. अंतर किती? ४०० यार्ड, म्हणजे जेमतेम दीड लोकलगाडीच्या लांबीचं. तार धड होती. प्रत्येक संगणक 'पोचलं नाही' असं समजून तेच तेच पुन्हा पाठवत होता आणि गर्दी वाढवत होता. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला: माहितीचं एखादं पाकीट हरवलं, तर तो गर्दीचा इशारा समजा आणि वेग कमी करा. आजचं इंटरनेट या संयमावर चालतं.

पुढे स्मृतीच्या चिप स्वस्त झाल्या. मोडेम-राउटर बनवणाऱ्यांनी 'एकही पाकीट हरवू नये' म्हणून त्यांत मोठमोठ्या प्रतीक्षागृहांची सोय केली. हेतू चांगला, परिणाम उलटा. पाकीट हरवतच नाही, त्यामुळे इशारा मिळत नाही, आणि रांग वाढत जाते. २०१० मध्ये जिम गेटिस हे संगणकतज्ज्ञ घरून एक्स विंडो या प्रणालीचं जुनं दप्तर एमआयटीकडे चढवत होते. तेवढ्यात घरचे तक्रार करू लागले की इंटरनेट हळू चाललंय. त्यांनी मोजलं तर एकेक पाकीट सेकंदाहून जास्त वेळ रांगेत उभं होतं. या रोगाला 'बफरब्लोट' नाव मिळालं, म्हणजे प्रतीक्षागृहाला आलेली सूज. डाउनलोड करतानाही 'मिळालं' अशी पोच वर पाठवावी लागते. ती पोच बॅकअपच्या गोण्यांमागे अडकली की खाली येणारं सगळंच थांबतं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी रांग आटोक्यात ठेवणारी कोडेल नावाची पद्धत दिली. तिची सुधारित रूपं आता काही राउटरांत मिळतात. तसा राउटर नसेल तर बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगमर्यादा घालायची, मोजलेल्या अपलोडच्या साधारण ८० टक्के. थोडं हळू जायचं ठरवलं की घरातलं बाकी सगळं सुरळीत चालतं.

तिसरा इतिहास अंतराचा. ॲमेझॉनने मुंबईत डेटा केंद्रांचा विभाग जून २०१६ मध्ये उघडला. सर्व्हर अमेरिकेत असेल तर जा-ये करायला सुमारे पाव सेकंद लागतो. एका वेळी एक अशा ५० हजार लहान फायली पाठवायच्या आणि प्रत्येकीसाठी एक फेरी धरली, तर नुसत्या वाट पाहण्यात साडेतीन तास जातात, मग तार कितीही रुंद असो. तेव्हा सुट्या पुड्या पाठवू नका, गोणी बांधा. म्हणजे फायलींचं एक मोठं गाठोडं करा. आणि सर्व्हर भारतातला निवडा. हिशेबपुस्तकांसाठी नियमही तेच मागतो.

मग आपल्या घरी नेमकं कारण कोणतं, हे ओळखायचं कसं? न्यायदर्शनात याला सुंदर नाव आहे: अन्वय-व्यतिरेक. कारण असताना कार्य असतं, कारण काढलं की कार्यही जातं, हे दोन्ही तपासायचं. आधी वायफाय सोडून संगणक केबलने राउटरला जोडा, बाकी सगळं बंद करा आणि अपलोडचा वेग मोजा. वेग सुधारला तर दोष भिंतींचा आणि वायफायचा. नाही सुधारला तर तेच रात्री उशिरा करून पाहा. तेव्हा सुधारला तर दोष वस्तीतल्या गर्दीचा. मग एक मोठी फाइल आणि हजार छोट्या फायली यांची तुलना करा. मग सर्व्हर बदलून पाहा. मग संगणकाकडेच बघा: अँटिव्हायरस प्रत्येक फाइल तपासत बसलाय का, डिस्क म्हातारी झालीय का. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आकडा वहीत लिहायचा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर वेग सुधारेल कदाचित, पण का सुधारला हे कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावं लागेल. लिहून ठेवलेल्या आकड्यांचा दुसरा उपयोग म्हणजे, तक्रार करताना 'नेट स्लो आहे' यापेक्षा 'केबलने, रात्री ११ वाजता, इतका अपलोड' हे वाक्य टाळणं अवघड जातं.

एवढं करूनही जे उरतं, ते आपल्या घरातलं नसतं. ते व्याख्येतलं असतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि दोन-चार दिवसांत घरं कार्यालयं झाली, शाळा झाली, दवाखाना झाली. घरातून चेहरे, आवाज, उत्तरपत्रिका, हिशेब बाहेर जाऊ लागले. घर हे घेणारं ठिकाण आहे, हे सिनेमा विकणाऱ्यांचं जुनं गृहीतक त्या महिन्यात मोडलं. सरकारी व्याख्येला ते अजून कळायचं आहे. उद्या कुणी ब्रॉडबँडची नवी व्याख्या लिहायला बसलं, तर तिच्यात दुसरा आकडा असावा, एवढं मागणं आपण नागरिक म्हणून केलं पाहिजे.

आणि तोपर्यंत? या पावसाळ्याआधी हिशेबाची एक प्रत नदीपासून लांब पोचलेली असू द्या. क्लाऊडने पोचो नाहीतर लोकलने.